प्रकाशाची काठी : हिऱ्याहून ताठ, पापडाहून नाजूक

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर लाल पेन खिशातच राहू द्या. आणि ज्या सर-मॅडमना वाटतं की हॉस्टेलची पोरं रात्री बारानंतर फक्त मॅगी करतात, त्यांच्यासाठी एक बातमी आहे. गेल्या सेमिस्टरला आम्ही पाच जण महिनाभर प्रकाश 'घट्ट' करायच्या मागे होतो. त्यावरून भांडण झालं, दोघांनी बोलणं सोडलं आणि एक अख्खं रजिस्टर कचऱ्यात जाता जाता वाचलं.

पहिल्यापासून सांगते. आमचा एक रोलप्लेइंग गेम आहे. लहानपणी आपण "तू डॉक्टर, मी पेशंट" खेळायचो ना, तेच, फक्त नियम लिहून. प्रत्येकाचं एक पात्र. एक जण सूत्रधार. तो प्रसंग सांगतो, बाकीचे आपलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि जमलं की फसलं ते फाशावर ठरतं. वीस बाजूंचा फासा इथे कुठे मिळायचा, म्हणून आम्ही कॅल्सीचं रॅन्डमचं बटण दाबतो. (कॅल्सीचा इतका उपयोग आम्ही मॅथ्सच्या पेपरातही केला नसेल.) मुलींचं हॉस्टेल संध्याकाळीच बंद होतं, त्यामुळे पाचही जण एका जागी बसणं कठीण. म्हणून दोनशे पानी रजिस्टर कॅन्टीनच्या काउंटरवर असतं. ज्याला जमेल त्याने येऊन पुढचं लिहायचं. नियम एकच, दुसऱ्याने लिहिलेलं खोडायचं नाही. जग सगळ्यांचं आहे.

आमचं जग म्हणजे लोणार, सन २१९०. आपल्याच जिल्ह्यातलं, बेसॉल्टच्या खडकात उल्का आदळून झालेलं सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर. जून २०२० मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा ते पेपरात झळकलं होतं, आणि त्याच वर्षी ते रामसर यादीतही गेलं. आमच्या कथेत विवराच्या काठावर शहर होतं आणि शहरात 'घनप्रकाश' होता, म्हणजे हात लावला तर लागेल असा प्रकाश.

इथेच घोळ झाला. मेकॅनिकलच्या एका मित्राच्या पात्राकडे घनप्रकाशाचं यंत्र होतं. शत्रू आला, की त्याची ढाल. दरी आली, की त्याचा पूल. दार बंद असलं, की त्याची किल्ली! तीस पानांत त्याचं पात्र एकदाही अडचणीत आलं नाही. बाकीच्यांनी डोकं चालवून काही लिहावं, आणि याने एका ओळीत ते सोडवावं. दोघींनी वहीत लिहिणं बंद केलं. शेवटी सूत्रधार मला म्हणाला, "तू ईएनटीसीची आहेस, लेसर तुमच्यात येतो. घनप्रकाशाला काय जमतं आणि काय नाही ते चार पानांत लिहून दे."

मी लायब्ररीत बसले. पहिली गोष्ट तर घरीच करून बघता येते. लाईट गेल्यावर दोन बॅटऱ्या घ्या आणि त्यांचे झोत एकमेकांवर सोडा. काय होतं? काहीच नाही. झोत एकमेकांतून आरपार जातात. फोटॉनला ना चार्ज, ना वस्तुमान. एक फोटॉन दुसऱ्याला ढुंकून पाहत नाही. म्हणून पिक्चरमधल्या दोन तलवारी एकमेकींना अडवतात ते पहिल्या मिनिटालाच बाद.

मग पेपरात येणारं ते 'शास्त्रज्ञांनी प्रकाश घन केला' काय असतं? २०१३ साली हार्वर्डचे मिखाईल ल्युकिन आणि एमआयटीचे व्लादान व्हुलेटिच यांच्या गटाने रुबिडियमच्या अतिथंड अणूंमधून एकेक फोटॉन सोडला, तर ते जोडीने बाहेर पडले. २०१८ मध्ये त्याच मंडळींना तिघांचा गट मिळाला. गोष्ट भारी आहे, पण अणूंचा ढग निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ नेलेला आणि हाताशी फोटॉन दोन-तीन. त्यावर पाय ठेवून दरी कशी ओलांडणार? मार्च २०२५ मध्ये इटलीतल्या गटाने 'सुपरसॉलिड' प्रकाश केल्याचीही बातमी आली. तीही सेमीकंडक्टर चिपच्या आतली, प्रकाश आणि पदार्थ यांच्या मिश्रणाची गोष्ट आहे. तिथे 'सॉलिड'चा अर्थ शिस्तीत मांडणी असलेला, हाताला लागणारा नव्हे. नावावर जाऊ नका.

आता दुसरा रस्ता, आणि हा आपल्या इंजिनिअरांचा. प्रकाश घट्ट नसेल, पण तो ढकलतो. धूमकेतूची शेपटी सूर्यापासून उलट्या दिशेला असते, त्यात प्रकाशाच्या दाबाचा हात आहे. २०१० साली जपानने इकारोस नावाचं यान पातळ पडद्याचं शीड लावून सूर्यप्रकाशाच्या ढकलण्यावर चालवून दाखवलं. ढकलणं किती? पृथ्वीजवळ एक चौरस मीटरच्या आरशावर साधारण ९ मायक्रोन्यूटन. म्हणजे एका मिलिग्रॅमचं वजनसुद्धा नाही.

सूत्र सोपं आहे. आरशावर प्रकाश आपटून परत गेला, तर बल = २ × पॉवर ÷ प्रकाशाचा वेग. आता ६० किलोचा एक माणूस प्रकाशावर उभा करू. वजन झालं ५८८ न्यूटन. उलटं गणित केलं की पॉवर येते ८८,२०० मेगावॅट. मी तीनदा केलं, कॅल्सी बदलून केलं, तेवढंच आलं. आपल्या शेजारचं पारस औष्णिक केंद्र ५०० मेगावॅटचं आहे. एका पोराला हवेत उभं करायला १७६ पारस लागतील! कोयना घेतलं (१,९६० मेगावॅट), तरी ४५.

हे मी वहीत लिहिलं आणि खाली टीप टाकली, "घनप्रकाश रद्द." दुसऱ्या दिवशी वही उघडली तर मित्राने मार्जिनमध्ये लिहिलेलं, "विज्ञानकथा आहे बापा ही, एसओएमचा पेपर नोय. तू तं पुरी मजाच घालवून टाकली." आणि खाली, "माझं पात्र मेलं समजा."

मला वाईट वाटलं. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. सगळंच 'होत नाही' म्हणून खोडायचं असेल तर विज्ञानकथा कशाला, न्यूजपेपर वाचावा. मराठीत हा प्रकार रुजला तो काही असा खोडून नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, तीही नाव बदलून. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' झाले, म्हणजे परीक्षकांवर नावाचं दडपण नको. बक्षीस कथेला मिळालं. एवढ्या मोठ्या खगोलशास्त्रज्ञालाही गोष्ट सांगाविशी वाटली. मे २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा ही हकीकत मला बाबांनी सांगितली होती. तर मी ठरवलं, रद्द करायचं नाही. कुठे शक्य होतं ते शोधायचं.

आणि ते सापडलं जवळच. लोणारहून फार लांब नाही, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया होणार आहे. गुरुत्वीय लहरी पकडायची वेधशाळा. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटींची मान्यता दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात, आत निर्वात नळ्या, आणि टोकाला ४० किलोचे काचेचे आरसे, काचेच्याच तंतूंवर टांगलेले. अमेरिकेतल्या लायगोचं डिझाइन असं आहे की लेसर शंभर-सव्वाशे वॅटचा, पण प्रकाश दोन आरशांमध्ये परत परत आपटत राहतो आणि भुजेत फिरणारी पॉवर ७५० किलोवॅटपर्यंत चढू शकते. म्हणजे तोच प्रकाश पुन्हा पुन्हा वापरायचा. आपल्या सूत्रात घाला. आरशावर बल येतं ५ मिलिन्यूटन, अर्ध्या ग्रॅमच्या वजनाएवढं. हसू नका. एवढ्याशा ढकलण्याने ४० किलोचा आरसा जागचा हलतो, कलतो, आणि त्याला सरळ ठेवायला तिथल्या इंजिनिअरांना वेगळी कंट्रोल सिस्टिम लावावी लागते.

याहून भारी गोष्ट २००७ सालची. एमआयटीत थॉमस कॉर्बिट आणि सहकाऱ्यांनी (नर्गिस मावळवाला त्याच गटातल्या) एक ग्रॅमचा आरसा फक्त प्रकाशाने जागेवर पकडून ठेवला. युक्ती अशी, की दोन आरशांमधलं अंतर रेझोनन्सच्या किंचित बाजूला ठेवायचं. आरसा जवळ सरकला की आतला प्रकाश वाढतो आणि त्याला बाहेर ढकलतो. लांब गेला की प्रकाश कमी होतो, मग तो परत येतो. म्हणजे झाली ना स्प्रिंग! एक अडचण मात्र आहे. प्रकाश साठायला थोडा वेळ लागतो, म्हणून ढकलणं किंचित उशिरा होतं. झोका परत निघाल्यावर मागून हात लावला तर झोका थांबतो की वाढतो? वाढतो. तसाच हा आरसा जास्त जास्त हलायला लागतो. त्यावर उपाय म्हणून त्यांनी किंचित वेगळ्या फ्रिक्वेन्सीचा दुसरा किरण सोडला. पहिला स्प्रिंगचं काम करतो, दुसरा शॉक ॲब्सॉर्बरचं.

या प्रकाशाच्या स्प्रिंगचा स्टिफनेस निघाला मीटरला सुमारे २० लाख न्यूटन. त्यांनी गंमत म्हणून हिशोब केला, की किरणाच्या जागी तेवढीच जाड काठी ठेवली तर तिचा यंग्ज मॉड्युलस किती लागेल? १.२ टेरापास्कल. हिऱ्यापेक्षा सुमारे २० टक्के जास्त!

मी ते वाचून रूम पार्टनरला झोपेतून उठवलं. तिने विचारलं, "मग त्यावर उभं राहता येतं?" नाही. इथेच सगळी गंमत आहे, आणि ती आपण सेकंड इयरला शिकून विसरलोय. स्टिफनेस वेगळा, स्ट्रेंग्थ वेगळी. उडदाचा सुका पापड आणि चपलेचा रबर घ्या. पापड ताठ, वाकत नाही, पण बोट दाबलं की कट्. रबर कसाही वाकतो, पण त्यावर आपण वर्षभर चालतो. प्रकाशाची काठी पापडाच्या जातीची. अणूहूनही कमी अंतर सरकवायला गेलात तरी हिऱ्यासारखा विरोध करते. पण तिचं एकूण बल मुंगीच्या वजनाच्या हिशोबातलं. त्यापुढे ढकललं की रेझोनन्स सुटतो आणि तिथे काहीच उरत नाही. स्टील निदान मोडायच्या आधी यील्ड होतं, वाकून सांगतं की बाबा आता निघ. प्रकाश काही सांगत नाही.

मग खोटं कुठे बोलायचं ते मला कळलं. विज्ञानकथेत एक थाप माफ असावी, पण एकच, आणि ती कुठे मारली ते सगळ्यांना माहीत असावं. आज उत्तमातल्या उत्तम आरशात दर आपटण्याला दहा लाखांत एक भागाच्या आसपास प्रकाश वाया जातो. ८८,२०० मेगावॅट फिरवायचे तर बुटाच्या तळव्यात ८८ किलोवॅट उष्णता. एक किलोवॅटच्या ८८ इस्त्र्या पायाखाली! आमची थाप अशी, की २१९० मध्ये अब्जात एकच भाग गमावणारा आरसा निघालाय. लगेच ८८ किलोवॅटचे ८८ वॅट झाले. १७६ पारसच्या जागी एक जुना पिवळा बल्ब.

वही परत गेली. मित्राने मार्जिनमध्ये लिहिलं, "हवेचं काय?" राग होता, पण वाचत होता.

हवेचा मुद्दा खरा होता. इतक्या प्रखर किरणात हवेतला एकेक धुळीचा कण पेटेल. म्हणून निर्वात नळी पाहिजे. पण नळी निर्वात केली की बाहेरची हवाच आरशाला आत दाबते. लायगोएवढा ३४ सेंटिमीटर व्यासाचा आरसा घेतला, तर त्यावर हवेचा दाब नऊशे किलोच्या वर. माणूस साठ किलोचा आणि हवा नऊशेची! गणित पुन्हा बुडालं. सूत्रधाराने तोडगा काढला, की अख्खं जगच उचलून चंद्रावर न्या. नाहीतरी लोणारच्या बेसॉल्टमधल्या विवराचा अभ्यास चंद्रावरची विवरं समजून घ्यायलाच होतो. म्हणून आता आमचं शहर 'नवं लोणार' आहे, चंद्रावरच्या एका विवराच्या काठी. तिथे हवा नाही आणि वजन सहावा हिस्सा. माणूस ६० किलो, सूटही ६० किलो धरला तरी भार सुमारे १९५ न्यूटन.

आता एक हिशोब दाखवते, जो मला स्वतःला फार आवडला. दोन आरशांमध्ये साठलेली एनर्जी किती? पॉवर गुणिले प्रकाशाला जाऊन यायला लागणारा वेळ. सूत्रं एकमेकांत घातली की प्रकाशाचा वेग कटून जातो आणि उरतं बल × उंची. म्हणजे माणसाला हातांनी तेवढं वर उचलायला जेवढी एनर्जी लागली असती, बरोब्बर तेवढीच त्याच्याखाली प्रकाश होऊन बसलेली असते. शंभर मीटर उंचीला १९,५०० जूल. कपभर चहाचं पाणी कोमट होईल, बस. पण आरसा कलला तर ती सगळी एनर्जी काही मायक्रोसेकंदांत एकाच दिशेने सुटते, आणि त्या दिशेला जो असेल त्याचं काही खरं नाही.

यावरून नियम आपोआप निघाले. प्रकाशाला दोन्ही टोकांना आरसा लागतो, म्हणून हवेत मोकळं टोक असलेली तलवार नाही. ज्याच्या बुटाला आरसा त्यालाच फरशी, बाकीचे आरपार खाली. ठरलेल्या वजनाच्या वर एक किलो चढला तरी सगळं संपलं. किरण बाजूने दिसत नाही. दिसला, तर तो गळतोय असं समजा आणि पळा. बंद करायचा तर हळूहळू, प्रकाश वर आकाशात सोडून देत.

एक नियम मी मुद्दाम सर लोकांसाठी ठेवलाय. २०१५ मध्ये लायगोवाल्यांनी प्रसिद्ध केलं, की भुजेतली पॉवर वाढवल्यावर त्यांचा ४० किलोचा आरसा प्रकाशाच्या दाबाने घंटीसारखा कंप पावू लागला, सुमारे १५ किलोहर्ट्झला. आमच्या खेळात घनप्रकाश मोडायच्या आधी आरसा असाच 'गातो' आणि ते बुटातून हाडांत जाऊन कानाला कळतं. आता १५ किलोहर्ट्झ विशीतल्या कानांना ऐकू येतं, पन्नाशीतल्या बहुतेकांना नाही. त्यामुळे नव्या लोणारात पुलावरून जाताना म्हातारे लोक एखाद्या पोराला सोबत नेतात. (एचओडी सरांनी हे वाचून कॅन्टीनमध्ये टोन जनरेटर मागवला होता. निकाल सांगत नाही.)

आणि इंजिनिअर म्हणून पूल कसा बांधायचा ते मला लायगोनेच शिकवलं. तिथे वजन तंतू उचलतात. प्रकाश फक्त आरसा कुठे आहे ते बघतो. आमच्या विवरावरचा मोठा पूलही तसाच, भार स्टीलच्या दोरांवर आणि डुलणं थांबवायला प्रकाशाच्या काठ्या. माणूस थेट प्रकाशावर उभा राहतो तो फक्त दुरुस्तीच्या पाटावर, एकटा, जीव मुठीत धरून.

त्या पाटावर सूत्रधाराने कोणाला चढवलं असेल? मेकॅनिकलवाल्यालाच. पात्र मेलं म्हणाला होता, पण वही घेऊन गेला आणि दोन दिवस परत केली नाही. आम्हाला वाटलं गेली वही. तिसऱ्या दिवशी सहा पानं लिहून आणली. त्याचं पात्र शंभर मीटरवर आहे, आरसा गायला लागलाय. उडी मारून दोर धरला तर तो वाचतो, पण पाट कलणार, आणि कलेल त्या बाजूला काठावर आमच्या दोघींची पात्रं उभी आहेत. ज्याच्याकडे तीस पानं प्रत्येक गोष्टीवर उपाय होता, तो पाटावर पालथा पडून हातपाय पसरतो, आरसा सपाट ठेवायला, आणि खालच्या माणसाला रेडिओवर सांगतो की हळूहळू सोड. कॅल्सीवर आकडा काढायची वेळ आली तेव्हा कॅन्टीनचे काकासुद्धा चहा गाळायचा थांबले होते. सतरा आला. वाचला.

लिहिणं बंद केलेल्या दोघींपैकी एकीने त्याच रात्री पुढचं पान लिहिलं. दुसरीने परीक्षा झाल्यावर.

वही सध्या मेकॅनिकलवाल्याकडेच आहे. चंद्रावरची बारीक धूळ उन्हात चार्ज होऊन वर उठते आणि सगळ्याला चिकटते, मग ती अब्जात एक भागवाल्या आरशावर बसली तर काय, असं त्याने शेवटच्या पानाच्या मार्जिनमध्ये मला विचारलंय. आमची एक थाप तर वापरून झाली. कोणाला सुचत असेल तर काउंटरवर चिठ्ठी ठेवा.